एक्सेप्शन वाचणाऱ्याचा विचार

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पायथन ही आपणा सर्वांच्या रोजच्या वापरातली प्रोग्रॅमिंग भाषा असल्यामुळे एक्सेप्शनची, म्हणजे काही बिघडल्यावर कोड जी चूक-सूचना देतो तिची, लांबलचक व्याख्या करत बसत नाही. ते रेझ करणारा, म्हणजे कोडमधून ती सूचना देणारा, आणि पुढे कधीतरी ते वाचणारा ही बहुधा दोन वेगळी माणसे असतात, आणि आपण लिहितो मात्र स्वतःपुरते, हे मला आज मांडायचे आहे.

प्रसंग पायथन २च्या काळातला आहे. एका संस्थेच्या पगाराची सुमारे ११,००० ओळींची फाईल रात्री आमच्या प्रोग्रॅममधून जात असे. एका रात्री प्रोग्रॅम थांबला आणि लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फाईलमध्ये, ‘इनव्हॅलिड डेटा’ (अग्राह्य माहिती) एवढेच शब्द उमटले. ओळ कोणती, रकाना कोणता, याचा पत्ता नाही. फाईल अर्धी करायची, डेटाबेस पूर्ववत करायचा, पुन्हा चालवायचे, अशा १४ फेऱ्या झाल्यावर पहाटे ती ओळ सापडली. कोणीतरी रक्कम ‘१,२५,०००’ अशी, आपण सगळे कागदावर लिहितो तशी, स्वल्पविरामांसह भरली होती. (मान डोलावणाऱ्यांनीही अशी रात्र काढलेली दिसते.) मला आजही सलते ते याच्या पुढचे. मजकुराची संख्या करणाऱ्या फ्लोट या फंक्शनला स्वल्पविराम चालत नाहीत, आणि त्याने व्हॅल्यूएरर हे एक्सेप्शन देताना ती नेमकी रक्कम संदेशात सांगितली होती. आमच्याच कोडने तो व्हॅल्यूएरर पकडला, टाकून दिला आणि त्याच्या जागी स्वतःचे दोन मोघम शब्द ठेवले. ज्याला ठाऊक होते त्याने सांगितले होते, आणि मधल्याने ते पुसले.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मुद्दे झटपट सांगतो.

नुसते ‘एक्सेप्शन’ रेझ करू नये. प्रकारच चुकीचा असेल तर टाइपएरर, प्रकार बरोबर पण किंमत अग्राह्य असेल तर व्हॅल्यूएरर, आणि आपले फंक्शन वापरणाऱ्या कोडला ती चूक वेगळ्या रीतीने हाताळायची असेल तरच एक्सेप्शनचा स्वतःचा क्लास, म्हणजे नवा प्रकार, करावा. पकडलेले एक्सेप्शन तसेच वर पाठवायचे असल्यास नुसते ‘रेझ’ लिहावे. नवे द्यायचे असल्यास ‘रेझ… फ्रॉम’ वापरावे. २००८च्या पायथन ३.०पासून त्यामुळे मूळ कारण ट्रेसबॅकमध्ये, म्हणजे चूक कुठून कुठे आली हे दाखवणाऱ्या यादीत, टिकते. बाहेरून आलेली माहिती ‘असर्ट’ या अट तपासणाऱ्या विधानाने तपासू नये, कारण पायथन चालवताना ‘-ओ’ (मोठा ओ) पर्याय दिल्यावर असर्टच्या ओळी चालतच नाहीत.

संदेशात काय अपेक्षित होते, काय आले आणि कुठे आले, हे तिन्ही असावे. मात्र लॉग अनेकांच्या हाती जातो. म्हणून त्या प्रोग्रॅममध्ये आम्ही ओळीचा क्रमांक, रकान्याचे नाव आणि ‘रकमेत स्वल्पविराम आहे’ हे कारण घातले. कर्मचाऱ्याचे नाव आणि त्याचा पगार संदेशाबाहेर ठेवला.