मालट्रकचा अपघात आणि क्लेमची फाइल

(दृश्य : ग्रामीण रुग्णालयाचा अपघात विभाग. रात्र. टेबलावर उघडं रजिस्टर.)

अपघाताच्या दाव्यातला पहिला पुरावा बहुतेक वेळा पोलीस ठाण्यात नाही, इथे तयार होतो. जखमीला आत घेताना ड्यूटीवरचे डॉक्टर विचारतात, ‘काय झालं?’ सोबत आलेला माणूस घाबरलेला असतो. तो म्हणतो, ‘गाडीवरून पडला.’ एमएलसीच्या (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाच्या) नोंदीत तेवढंच उतरतं आणि तिथून ते डिस्चार्ज कार्डावर जातं. पुढे दाव्याच्या सुनावणीत विमा कंपनीचे वकील तोच कागद काढतात आणि विचारतात : दुचाकी घसरून पडल्याची नोंद आहे, मग यात ट्रक आला कुठून?

म्हणून सांगणाऱ्याने पूर्ण वाक्य सांगावं. ‘मागून आलेल्या मालट्रकने धडक दिली.’ नंबर माहीत असेल तर नंबर. नसेल तर टँकर होता, कंटेनर होता की उघड्या हौद्याचा ट्रक, आणि केबिनचा रंग कोणता. डॉक्टरांनी काय लिहिलं ते तिथल्या तिथे वाचून दाखवायला सांगावं. यात भीड बाळगण्यासारखं काही नाही.

उपचाराच्या खर्चासाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे : नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपये. नुकसानभरपाईचा दावा यापासून वेगळा आहे. योजनेत उपचार घेतले म्हणून तो बंद होत नाही.

(दृश्य : पुणे-सोलापूर महामार्ग. कडेला उभा केलेला ट्रक, मागचे दिवे बंद.)

पोलिसात फिर्याद लगेच देता आली नाही, तर ती उशिरा का दिली हे फिर्यादीतच लिहून घ्यावं. जखमीला वाचवण्याच्या धावपळीत दोन-चार दिवस गेले, एवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. मात्र उशिराचं कारण कागदावर लागतं.

खरी मेख घटनास्थळ पंचनाम्यात असते. रस्ता किती रुंद, दुभाजक आहे का, ब्रेकच्या खुणा किती लांब, काच कुठे सांडली, दोन्ही गाड्या कोणत्या तोंडाने उभ्या होत्या, यावरून चूक कोणाची हे ठरतं. काचेचा चुरा दुचाकीच्या बाजूला असेल, तर ट्रक आपली बाजू सोडून तिकडे गेला होता असं म्हणायला आधार मिळतो. पंचनाम्यात काचेचा उल्लेखच नसेल, तर उरतो फक्त ड्रायव्हरचा जबाब. गाड्या हलवायच्या आधी नातेवाइकांपैकी कुणी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढले, तर पंचनाम्यातल्या उणिवा पुढे त्या फोटोंनी भरून निघतात.

उभ्या ट्रकवर मागून आदळलेल्या दुचाकीचं प्रकरण सगळ्यात अवघड. ‘मागून धडकला, म्हणजे चूक त्याचीच’ असं सरसकट धरलं जातं. कधी गुन्हाही मेलेल्या दुचाकीस्वारावरच नोंदवला जातो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी गाडी सोडून जायला मनाई आहे. तेव्हा पंचनाम्यात हे आलंच पाहिजे : ट्रक डांबरावर उभा होता की साइडपट्टीवर? पार्किंग लाइट चालू होते का? मागे रिफ्लेक्टरची पट्टी होती की चिखलाने झाकली होती? त्रिकोण ठेवला होता का, की नुसते दगड? हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना हेच सगळे प्रश्न लागू, वर आणखी एक : ट्रॉलीचा नंबर आणि विमा. ट्रॅक्टरची पॉलिसी दाखवून ट्रॉलीबद्दल काहीच न बोलणं हा नेहमीचा प्रकार आहे. दोन्हींचे कागद वेगवेगळे मागावेत.

नंबर मिळाला नाही, तर टोलनाक्याचं, पेट्रोल पंपाचं आणि ढाब्याचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याबद्दल तपासी अंमलदारांना त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. जुनं फुटेज थोड्याच दिवसांत पुसलं जातं. गाडी शेवटपर्यंत सापडलीच नाही, तर ‘हिट अँड रन’ची सरकारी भरपाई मिळते : मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. त्याचा अर्ज न्यायालयात नाही, महसूल खात्याकडे जातो.

(दृश्य : पोलीस ठाणे. अर्जांच्या छापील नमुन्यांवर बोट फिरतं.)

एप्रिल २०२२ पासून पोलिसांना वेळापत्रक बांधून दिलं आहे. ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल थेट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. मधल्या काळात ड्रायव्हर, मालक आणि पीडित कुटुंब, प्रत्येकाने आपापला फॉर्म भरून द्यायचा. कुटुंबाचा आहे फॉर्म ६, त्याला ६० दिवस. हा फॉर्म कुणी आणून दिला नाही, तर मागून घ्यावा. मृताचं वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं या गोष्टी त्यात असतात, आणि रक्कम त्यांच्यावरच ठरते.

कायद्याने हा सविस्तर अहवालच दाव्याचा अर्ज धरता येतो. तरी त्यावर विसंबून घरी बसू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली स्वतःचा अर्ज करायला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर तारीख ओलांडणं धोक्याचं. अर्ज अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार राहतो तिथे किंवा जाबदार (ज्याच्यावर दावा आहे तो) राहतो तिथे करता येतो. ट्रक गुजरातचा आणि अपघात सोलापूर जिल्ह्यात झाला, तरी लातूरला राहणाऱ्या कुटुंबाने लातूरलाच दावा लावावा.

जाबदार तीन : ड्रायव्हर, आरसीवरचा मालक आणि अपघाताच्या दिवशी ज्या कंपनीची पॉलिसी चालू होती ती विमा कंपनी. ट्रक विकला गेला असेल पण आरसी जुन्याच नावावर असेल, तर जुना आणि नवा, दोन्ही मालक घालावेत. पॉलिसीचा नंबर पोलिसांच्या कागदावरून न तपासता उतरवून घेऊ नये. नूतनीकरण झालेल्या गाडीची मागच्या वर्षीची पॉलिसी फाइलला लागते आणि वर्षभर भलत्याच कंपनीशी भांडण चालतं.

कंपनीचा बचाव बहुधा लायसन्सवरून सुरू होतो. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. छोट्या टेम्पोच्या प्रकरणात म्हणूनच हा बचाव आता टिकत नाही. दहा किंवा चौदा चाकी ट्रकला मात्र जड वाहनाचं लायसन्स लागतंच. ते नसलं, तरी रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला (थर्ड पार्टीला) बहुतेक वेळा ‘आधी कंपनीने भरावं, मग मालकाकडून वसूल करावं’ असा आदेश मिळतो.

ज्याच्यापुढे कुटुंबं खरोखर हतबल होतात, तो बचाव वेगळाच आहे. मालट्रकच्या हौद्यात बसलेले प्रवासी. लग्नाचं वऱ्हाड, जत्रेला निघालेली माणसं, वाटेत हात दाखवून चढलेला शेजारी. मालवाहू गाडीतून असं नेलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे २००२ च्या डिसेंबरपासून ठरलेलं आहे. स्वतःच्या मालासोबत बसलेला मालक किंवा त्याचा माणूस याला अपवाद. कांद्याच्या गोणींसोबत बाजार समितीकडे निघालेला शेतकरी या अपवादात बसतो, पण माल त्याचाच होता हे दाखवायला वजनपावती किंवा आडत्याची पट्टी लागते.

ट्रकचा स्वतःचा ड्रायव्हर किंवा क्लीनर दगावला, तर कर्मचारी भरपाईच्या कायद्याचा (आधी १९२३ चा कायदा, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता) रस्ताही खुला असतो. तिथे दुसऱ्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. दोन्हीकडे पैसे मागता येत नाहीत, एकच दार निवडावं लागतं.

(दृश्य : वही, पेन, कॅल्क्युलेटर. आकडे एकाखाली एक.)

आता रक्कम. हिशोबाची रीत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी बांधून दिली : २००९ चा सरला वर्मा आणि २०१७ चा प्रणय सेठी. समजा, ३४ वर्षांचा माणूस, स्वतःचं गॅरेज, महिन्याला २०,००० रुपये सुटतात. मागे बायको, दोन मुलं, आई. चाळिशीच्या आतला आणि स्वतःचा धंदा असलेला, म्हणून पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे : २८,०००. घरात अवलंबून चार माणसं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा : २१,०००. वर्षाचे २,५२,०००. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. झाले ४० लाख ३२ हजार.

त्यात सहवास गमावल्याबद्दल बायको, दोन्ही मुलं आणि आई प्रत्येकी ४०,०००, अंत्यविधीचे १५,००० आणि संपदाहानीचे (मृताच्या मिळकतीच्या नुकसानीचे) १५,०००. या रकमा दर तीन वर्षांनी १० टक्के वाढतात. दोन वेळची वाढ धरली, तर अनुक्रमे ४८,४००, १८,१५० आणि १८,१५०. एकूण ४२ लाख ६१ हजार ९००, आणि त्यावर अर्जाच्या तारखेपासून व्याज.

याच माणसाचं उत्पन्न सिद्ध झालं नाही आणि न्यायाधिकरणाने अंदाजाने १२,००० धरलं, तर मुख्य आकडा येतो २४ लाख १९ हजार २००. महिन्याच्या आठ हजारांच्या पुराव्यावाचून सोळा लाखांच्या वर रक्कम गेली. वकील कितीही चांगला बोलला, तरी ती परत येत नाही. आयकर विवरणपत्र असेल तर उत्तम, पण ते अपघाताच्या आधी भरलेलं हवं. नंतर घाईने भरलेल्याला उलटतपासात किंमत राहत नाही. विवरणपत्र नसेल, तर बँकेचं पासबुक, गुमास्ता, स्पेअर पार्टची बिलं, यूपीआयचे व्यवहार, कर्जाचे हप्ते.

शेतकऱ्याच्या बाबतीत नुसता सातबारा पुरत नाही. कोर्ट म्हणतं, जमीन तर वारसांकडेच राहिली, मग नुकसान कशाचं? नुकसान असतं त्याच्या राबण्याचं आणि देखरेखीचं. दूध संघाची पंधरवड्याची बिलं, साखर कारखान्याची पट्टी, आणि आता शेत वाट्याने किंवा मजुराने करावं लागतं याची साक्ष, यातून ते दिसतं. १० ते ७५ वयातल्या शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला राज्याच्या गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाख मिळतात. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे वेगळा आणि लवकर अर्ज लागतो. गृहिणी गेली, तर ‘उत्पन्न नाही’ असं चालत नाही. घरकामाचं मोल धरावंच लागतं.

जखमीच्या दाव्यात घोळ होतो तो टक्क्यांवरून. प्रमाणपत्रावर पायाचं ४० टक्के अपंगत्व असतं आणि कुटुंबाला वाटतं कमाईही ४० टक्के बुडाली. न्यायाधिकरण पाहतं की या माणसाचं हे काम त्या पायाने किती अडलं. तोच पाय कारकुनाचा असेल तर १०-१५ टक्केही धरतील, हमालाचा असेल तर शंभराच्या जवळ जाऊ शकतात. शिवाय प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष लागते. ते आलेच नाहीत, तर कागद फाइलमध्ये असूनही त्याचं वजन कमी होतं. औषधांची मूळ बिलं जपावीत. थर्मल कागदावरची शाई उडते, म्हणून आल्याबरोबर झेरॉक्स काढावी.

(दृश्य : रुग्णालयाबाहेरचा चहाचा टपरा. कुणीतरी कार्ड पुढे करतो.)

रुग्णालयाच्या दारातच एजंट भेटतात. ‘खर्च काही नाही, निकाल लागला की वीस टक्के.’ दाव्याच्या रकमेत हिस्सा ठरवून काम घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नये. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

तडजोडीचा एक कागद नीट वाचावा. कलम १६४ मध्ये चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. पैसे लवकर येतात, म्हणून मोह होतो. ती रक्कम कंपनीकडून स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाने ही सही केली, तर ४२ लाखांच्या जागी ५ लाखांवर विषय मिटला. लोक अदालतीत ठरलेल्या रकमेवरही पुढे अपील नाही, तेव्हा तिथे जाताना आपला आकडा मांडून न्यावा.

(दृश्य : जिल्हा न्यायालय, बँकेचं पासबुक.)

निवाड्यात किती रक्कम रोख मिळेल आणि किती मुदत ठेवीत जाईल, तेही लिहिलेलं असतं. मुलांचा हिस्सा सज्ञान होईपर्यंत ठेवीतच राहतो. शिक्षण, आजारपण किंवा घरासाठी मुदतीआधी रक्कम हवी असेल, तर बँक स्वतःहून देत नाही. न्यायाधिकरणाकडे कारण आणि अंदाजपत्रक जोडून अर्ज करावा लागतो. रक्कम कमी वाटली, तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. कंपनीने निवाड्यापासून ३० दिवसांत पैसे भरायचे असतात. भरले नाहीत, तर कलम १७४ खाली वसुलीचा दाखला मागावा. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते.