थंडीत ऑटोमॅटिक गाडी उशिरा का हलते

नमस्कार श्रोतेहो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. इतकी नाही, तरी आठ-नऊ अंशांची पहाट गोंदिया-भंडाऱ्याकडे दरवर्षी येते. अशा वेळी दहा-बारा वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक कार सुरू करून दांडी 'डी'वर टाकली, तर गाडी दोन-तीन सेकंद जागची हलत नाही आणि मग झटका देऊन निघते. दुपारी मिस्त्रीकडे नेली की एकदम शहाण्यासारखी चालते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले क्लच तेलाच्या दाबावर बसतात. या तेलाला एटीएफ म्हणतात. गारठ्यात ते दाटतं आणि दाब उशिरा तयार होतो. नव्या गाडीत हे कळतही नाही. जुन्या गाडीत रबरी सील कडक झालेले असतात, थंडीत ते अजून आकसतात, आणि दाब कडेने निसटतो. सील कडक होतात ते आपल्या मे महिन्याच्या उन्हात, तापलेल्या तेलात. हिवाळ्यात फक्त वसुली होते.

उन्हाळ्याची दुसरी करणी थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेची. इंजिन तापतं म्हणून आपल्याकडे बरेच मिस्त्री तो काढूनच टाकतात. मग हिवाळ्यात इंजिन गरम होत नाही. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या पाण्यावरच थंड-गरम होतं, म्हणजे तेही गारच राहतं. तेल तापेपर्यंत गाडीतला कॉम्प्युटर वरचा गिअर रोखून धरतो. इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर; त्याचं लॉकअप, म्हणजे थेट जोडणी, तीही तो रोखतो. तशी रचनाच आहे. पहिले काही किलोमीटर गिअर उशिरा पडले तर तो बिघाड नाही. पण आठ-दहा किलोमीटर झाले, तापमानाचा काटा मध्यावर आलाच नाही किंवा मोकळ्या रस्त्यावर खाली पडू लागला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही. तो बसवून घ्या. गिअरबॉक्स खोलायची गोष्ट त्यानंतर.

तेल बघताना गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून सपाट जागी उभी करा. ब्रेक दाबून दांडी सगळ्या गिअरमधून फिरवा, 'पी'वर आणा, आणि इंजिन चालू असतानाच डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढा. काही गाड्यांत इंजिन बंद करून बघतात, तेव्हा मॅन्युअल आधी वाचा. डिपस्टिकच नसेल तर हे काम गॅरेजचं. थेंब पांढऱ्या फडक्यावर टिपा. साधारणपणे लाल-गुलाबी आणि आरपार दिसणारं तेल चांगलं. तपकिरी असेल तर बदलायला झालं. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय, गाडी चालवूच नका. काळं, जळका वास आणि धातूचा चुरा दिसला, तर नुसतं तेल बदलून भागत नाही.

बदलताना खालचा बोल्ट काढला की साधारण तीन-चार लिटर निघतं; बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. निघालेलं मापाने मोजा, तेवढंच भरा, थोडे दिवस चालवून परत एकदा तसंच करा. जुन्या गाडीला मशीनने फ्लश मारायचा आग्रह धरू नये, असं आमचं मत. तेल मॅन्युअलमधल्या नंबरचंच हवं. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीला तिचंच वेगळं तेल लागतं. लहान गाड्यांतला एएमटी हा मुळात साधा गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअर यंत्र आपोआप बदलतं; त्याला यातलं बरंच लागू नाही.

सकाळी सुरू केल्यावर आरपीएम हजाराच्या आसपास उतरू द्या, मगच दांडी हलवा. गाडीने पकड घेतल्याशिवाय अॅक्सिलेटर देऊ नका. झटका तिथेच बसतो. पहिले चार-पाच किलोमीटर दोन-अडीच हजारांच्या आत ठेवा. उभ्या गाडीत इंजिन घुरघुरत ठेवून गिअरबॉक्स लवकर तापत नाही.

आणि राजेहो, गाडी वाटेत बसली तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू नका. इंजिन बंद असलं की पंप फिरत नाही, आतले भाग कोरडे घासतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाकं उचलून न्या. बाकी कोणतीही असो, सरळ टेम्पोवर चढवा.