मातीतला पट, गादीवरचा पट

समोर कुस्तीतली मंडळी बरीच दिसताहेत, म्हणून उदाहरण आखाड्यातलंच घेतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले. अंग तांबड्या मातीत घडलेलं, गादीची सवय नाही. तरी सहावे आले. पुढच्याच ऑलिंपिकला, १९५२ साली हेलसिंकीत, कांस्यपदक! स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. आपण पदकाचं कौतुक करतो. मला मात्र मधल्या चार वर्षांचं कुतूहल आहे.

मातीत पाय रुततो. पैलवान बोटांनी जमीन धरून रेटा देतो, अंगाला चोळलेली माती घाम टिपते, पकड बसते. गादीवर रुतायला काही नाही, पायात बूट, आणि घामानं मनगट हातातून सुटतं. एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडायचा डाव, तो काढायला वाकलात तर मातीत गुडघा जागीच अडतो, गादीवर तो पुढे सरकतो. म्हणजे किती अंतरावरून शिरायचं, हा हिशेबच बदलला. डावाचं नाव तेच, पण अंगाला तो नव्यानं सोडवावा लागतो. शिवाय मातीत पाठ लागेपर्यंत झुंजायचं, गादीवर गुण आणि घड्याळ. वाट बघत खेळणाऱ्याची तिथे पंचाईत होते.

मॉस्कोत १९२०च्या दशकात निकोलाय बर्नस्टाइन या शास्त्रज्ञानं छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली कॅमेऱ्यानं टिपल्या. हातोडा नेमका बसायचा, पण खांदा, कोपर, मनगट यांची चाल दर घावाला थोडी निराळी. म्हणजे एकच साचा डोक्यात साठवून तो गिरवणं, असं कसब नसतंच. खांदा थोडा चुकला तर कोपर सांभाळून घेतं. सरावाला त्यानं ‘पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती’ म्हटलं. शब्द बोजड आहे, पण आपल्या तालमीतल्या वस्तादांना तो समजावून सांगावा लागला नसता. ते पोराला रोज नव्या जोडीदाराशी लढत देतात: आज उंच, उद्या बुटका, परवा नुसता अंगावर रेलणारा.

आता जरा कडू बोलतो. पुतळ्यावर, म्हणजे सरावाच्या डमीवर, दोनशे पट काढून घेणं हा सराव अपुरा आहे. ताकद येते, आकार कळतो, मान्य. पण पुतळा वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकत नाही. पट काढायचा तो नेमका त्या क्षणी. तो क्षण ओळखायला शिकलेली नजर आणि पाय एकत्रच तयार होतात, वेगवेगळे नाही.

मघाशी एका पालकांनी विचारलं, मातीतल्या पोराला गादीवर कधी आणायचं? महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन्ही विभाग आहेत, तेव्हा लवकर आणा, आणि माती सोडू नका. आलटून पालटून खेळवा. सुरुवातीला तो हरेल, मातीत ज्यांना सहज लोळवायचा त्यांच्याकडूनही. त्या दिवसांत बाहेरून ओरडू नका. तो अंतर मोजत असतो.