रजिस्ट्री कोणाच्या नावावर?

मंडळी, इंदूरच्या रामबागेतल्या एका वहिनी घरून चकली, चिरोटे आणि अनारसे करून विकतात. त्यांना आपल्या मालासाठी संकेतस्थळ करायचे होते. त्यांनी मला विचारले, "वर्डप्रेस घेऊ, विक्स घेऊ की शॉपिफाय?" ही तिन्ही संकेतस्थळ उभारायची साधने. मी त्यांना उलट विचारले, की उद्या हे सोडायची वेळ आली, तर तिथून तुमचे काय काय बरोबर नेता येईल? आज मला याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे, कारण मांडणी, रंग आणि पहिल्या वर्षाची सवलत सगळेच पाहतात, बाहेर पडण्याची वाट मात्र फार थोडे पाहतात.

आधी डोमेन, म्हणजे तुमच्या संकेतस्थळाचा इंटरनेटवरचा पत्ता. इंदुरात घर घेताना रजिस्ट्री कोणाच्या नावावर आहे हे आपण दहा वेळा तपासतो, पण डोमेनच्या बाबतीत ते विचारायचेही सुचत नाही. आमच्या दुकानाचे पहिले संकेतस्थळ ओळखीतल्या एका मुलाने करून दिले आणि डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतले. पुढे तो शहर सोडून गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच ईमेलवर येत राहिल्या, आणि मुदत संपल्यावर पिशव्यांवर छापलेला आमचा पत्ता भलत्याच्याच हाती गेला. उरलेल्या पिशव्यांवर आम्ही कित्येक महिने कागदाच्या पट्ट्या चिकटवत होतो. चूक माझीच होती. म्हणून सांगतो, डोमेन आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर घ्या, आणि दुसऱ्या वर्षापासूनचा दर आधी विचारा.

मोठ्या कंपनीची सेवा कायम राहील, असे मानू नका. जिओसिटीज या फुकट संकेतस्थळे देणाऱ्या सेवेवर लोकांनी वर्षानुवर्षे पाने रचली, आणि 2009 मध्ये याहूने ती सेवा अमेरिकेत बंद केली. गूगलने छोट्या व्यावसायिकांना बिझनेस प्रोफाइलमधून दिलेली फुकट संकेतस्थळे मार्च 2024 मध्ये बंद झाली. ज्यांचे डोमेन स्वतःचे होते, त्यांना निदान तोच पत्ता नव्या जागी लावता आला.

वर्डप्रेस 2003 पासून आहे आणि ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे कोणालाही फुकट घेऊन वापरता येते, त्यामुळे एका होस्टिंगवरून (संकेतस्थळ ठेवायच्या भाड्याच्या जागेवरून) दुसरीकडे सगळे संकेतस्थळ उचलून नेता येते. पण अद्ययावत ठेवणे, बॅकअप घेणे, नको ती प्लगइन (वरून जोडलेल्या जादा सोयी) काढून टाकणे ही कामे तुमच्याच गळ्यात पडतात. शिवाय त्याच्या निर्यातीच्या फाइलीत मजकूर असतो, छायाचित्रांचे मात्र फक्त दुवे असतात, हे लक्षात ठेवून चित्रांची प्रत वेगळी जपावी लागते. विक्सवर पान दुपारभरात उभे राहते, हा त्याचा मोठा गुण. मात्र ते संकेतस्थळ जसेच्या तसे दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. शॉपिफायमधून मालाची आणि ग्राहकांची यादी बाहेर काढता येते, पण त्याचे मासिक भाडे महिन्याला दहा-बारा ऑर्डरी असणाऱ्याला जड जाते. नुसते लिहायचे असेल, तर फुकटचे ब्लॉगर आजही पुरेसे आहे: त्याला स्वतःचे डोमेन जोडता येते आणि लेखांची फाइल उतरवून घेता येते.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. संकेतस्थळाचा तयार साचा (टेम्प्लेट) पसंत करण्याआधी त्याच्या शीर्षकात "अर्धी वाटी खुसखुशीत चिरोट्यांसाठी" असे एखादे वाक्य दोन ओळींत टाकून मोबाइलवर पाहावे. इंग्रजीच्या मापाने केलेल्या साच्यात ओळींमधले अंतर कमी असते, मग रफार आणि वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात. जुना मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटात असेल तर तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत आणा, नाहीतर वाचणाऱ्याला नुसती अक्षरांची खिचडी दिसेल आणि शोधात तर तो सापडणारच नाही.

वहिनींनी शेवटी डोमेन स्वतःच्या नावावर घेतले, चार पानांचे साधे वर्डप्रेस केले आणि ऑर्डरी व्हॉट्सॲपवरच ठेवल्या. पैसे यूपीआयने येतात. पेमेंट गेटवे, म्हणजे संकेतस्थळावरच पैसे घ्यायची सोय, दिवाळीनंतर पाहू, असे त्या म्हणाल्या, आणि मलाही ते पटले.