पनारा: ७९ जणांपासून पुन्हा

१९७३ साल. ब्राझीलमध्ये कुयाबा ते सांतारेंचा महामार्ग जंगल कापत पुढे सरकत होता. त्याच्या वाटेत, पेइशोतो दे अझेवेदो नदीच्या काठी, पनारा या आदिवासी लोकांची गावं होती.

रस्त्यामागून सर्दी-ताप आला, हगवण आली. या आजारांशी पनारांच्या शरीराची कधी गाठच पडली नव्हती. सगळं गाव एकदमच अंथरुणाला खिळलं. पाणी आणायला कुणी नाही, मळ्यात जायला कुणी नाही. अशा साथीत रोगाच्या जोडीनं भूक-तहानही माणसं मारते. मेलेल्यांना पुरायचंही त्राण उरलं नव्हतं, असं वाचलेले सांगत. १९७५च्या जानेवारीत उरलेल्यांना विमानानं शिंगू या आदिवासींसाठी राखलेल्या प्रदेशात हलवलं. ते होते अवघे ७९.

शिंगूत साओ पाउलोच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉक्टर १९६५पासून येत होते. डॉ. रोबेर्तो बारुझी यांच्या पथकानं माणशी आरोग्याचं कार्ड ठेवलं, लसी टोचल्या. हे काम गाजावाजा न होता वर्षानुवर्षं चाललं, म्हणून त्याचं मोल मला फार मोठं वाटतं. हळूहळू पनारांची लेकरं जगू लागली. पण सोयरीक? पनारांची कुळं चार, कूळ आईकडून, आणि लग्न कुळाबाहेरच. इतक्या थोड्या माणसांत जोडीदार मिळणं सोपं नव्हतं.

शिंगूची माती त्यांना मानवली नाही. १९९०च्या दशकात ते इरिरी नदीच्या उगमाकडच्या, शाबूत राहिलेल्या आपल्या जंगलात परतले. गोल आखलेल्या मळ्यांत पुन्हा भुईमूग लागला. आपल्या शेतातला भुईमूगही मूळचा याच खंडातला. झालेल्या मृत्यूंबद्दल न्यायालयात लढून त्यांनी सरकारकडून भरपाई घेतली. २०१०पर्यंत पनारा चारशेच्या वर गेले होते.

ब्राझीलच्या जनगणनेत २०१० साली आदिवासी सुमारे ९ लाख होते, २०२२ साली जवळजवळ १७ लाख. ही सगळी वाढ जन्मांची नाही. ‘तुम्ही स्वतःला आदिवासी मानता का?’ हा प्रश्न यावेळी कितीतरी जास्त ठिकाणी विचारला गेला. पनारांची वाढ मात्र पाळण्यांतली आहे.

शिंगूच्या गावांत आता मधुमेह आणि रक्तदाब वाढतोय. जंगलातल्या आणि नदीतल्या अन्नाच्या जोडीला दुकानातली साखर, तेल, मीठ आलं. गोवराची लस एक-दोन फेऱ्यांत टोचून होते. या आजारांच्या गोळ्या मात्र दर महिन्याला, नदीवाटेनं, प्रत्येक गावात पोचवाव्या लागतात.