जमीनच जमीन विकत घेते

(आपल्या मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम, जानेवारी २०२५. भाषण उतरवून घेताना थोडं सावरलंय.)

तिळगूळ सगळ्यांच्या हातात पोचलाय, तेव्हा सुरू करतो. मला पंचवीस मिनिटं दिलीत आणि मग मुलांचं लेझीम आहे, म्हणून घड्याळ समोरच ठेवलंय. विषय मीच मागून घेतला. गेली बावीस वर्षं मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतातल्या पाण्याच्या निचऱ्याचं काम करतो, आणि आपल्यापैकी कुणाकडेही जेवायला गेलो की पोळी ताटात पडायच्या आत प्रश्न येतो, अरे चाळीस एकर घेऊन ठेवू का, भाव काय चाललाय? राजधानीत, डे मॉईनमध्ये, इन्शुरन्सच्या ऑफिसात बसणाऱ्यालाही जमीन हवीच असते, रक्तातच आहे ते आपल्या, आणि मला ते मनापासून आवडतं. पण भाव काय हे सगळे विचारतात, भाव का हे कुणीच विचारत नाही, म्हणून हा घाट.

बोलतोय आयोवातल्या ग्रीन काउंटीबद्दल. जेफरसन हे तिथलं मुख्य गाव, तालुक्याचं ठिकाण म्हणा. चौकात उंच घंटाघर, कोर्टाची इमारत, धान्याची कोठारं, आणि मग नजर जाईल तिथवर मका नाहीतर सोयाबीन. अख्ख्या काउंटीत माणसं नऊ हजारांच्या आत, १९०० साली याच्या दुप्पट होती. जमीन काळीभोर, पण मुळात सगळी दलदल, हिमनदीने सपाट करून ठेवलेली, पाण्याला जायला वाटच नाही. जुन्या लोकांनी हाताने चर खणून भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या, फूटभर लांबीची एकेक, एकीला एक टेकवून, म्हणजे सांध्यातून पाणी आत झिरपतं. मी आज खणतो तेव्हा त्या विटकरी नळ्या निघतात आणि आत बोट घातलं तर गार पाणी अजून वाहत असतं. आता भोकं पाडलेला काळा प्लास्टिकचा पाईप घालतो, पण म्हणायचं टाईलच. जमिनीची किंमत बोलताना लोक मातीचं बोलतात, मातीखालच्या या नळ्यांचं कुणी बोलत नाही, त्या नसत्या तर तिथे बदकंच पोहली असती.

या जेफरसनमध्येच १९०१ साली जॉर्ज गॅलप जन्मला, जनमत चाचण्यांवाला गॅलप. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपण पेपरात वाचतो तो आयोवाचा एकरी भाव हीसुद्धा जनमत चाचणीच आहे. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी १९४१ पासून दरवर्षी जमिनीचे दलाल, बँकवाले, मूल्यांकन करणारे यांना विचारते, तुमच्या भागात काय भाव वाटतो? त्यातून सरासरी निघते. २०१३ ला ८,७१६ डॉलर, २०१९ ला ७,४३२, २०२३ ला ११,८३५, आणि २०२४ च्या पाहणीत ११,४६७. एकरी, हं. आणि ज्यांना वाटतं जमीन कधी पडत नाही त्यांनी हे लिहून घ्या, १९८१ ला २,१४७ आणि १९८६ ला ७८७. पाच वर्षांत तीन हिश्श्यांतले जवळजवळ दोन हिस्से गेले. सत्तरच्या दशकात रशियाने धान्य उचललं, भाव चढले, लोकांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, मग व्याजदर आभाळाला भिडले, १९८० मध्ये रशियाला धान्य विकायला बंदी आली, आणि कोर्टांच्या हिरवळीवर लोकांनी पांढरे क्रूस रोवले, जप्त झालेल्या एकेका शेतासाठी एकेक. त्यातून वाचलेली माणसं आज सत्तर-पंच्याहत्तरची आहेत, कर्जाला हात लावत नाहीत. आयोवाची पाचातली चार एकर जमीन आज पूर्ण कर्जमुक्त आहे. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता एक लिलाव सांगतो. सांगायचाच आहे मला, दोन वर्षं मनात घोळतोय.

७८ एकरांचा तुकडा, म्हातारी मालकीण वारली, तिघं मुलं तीन राज्यांत. तिथली टाईल मी घातलेली, म्हणून टाईलचा नकाशा लिलावाच्या कागदात लावला होता आणि मलाही बोलावलं होतं. गावचा कम्युनिटी हॉल, लोखंडी घडीच्या खुर्च्या, पांढऱ्या कपात कॉफी, भिंतीवर विमानातून काढलेला शेताचा फोटो आणि खाली मातीचे गुण लिहिलेले. इथे प्रत्येक मातीला शंभरपैकी मार्क असतात, मक्याला किती लायक त्याचे, आणि लोक पोराच्या दहावीच्या टक्क्यांसारखे ते सांगतात. बोली एकरी, गुणिले ७८.

हे शेत अकरा वर्षं कसणारा भाडेकरू तिसऱ्या रांगेत बसला होता, पस्तिशीतला पोरगा, बायको नर्स. तिच्या नोकरीमुळे घराला हेल्थ इन्शुरन्स होता, इथल्या किती शेतकऱ्यांची घरं अशी चालतात ते बघा कधी. बोली साडेनऊ हजाराला सुरू झाली, साडेअकरा हजारापर्यंत चार जण, मग दोघंच. हा पोरगा आणि रस्त्यापलीकडचा शेजारी, सत्तरीचा, बियाण्याच्या कंपनीची टोपी घातलेला, बोलायचा नाहीच, नुसती मान हलवायचा. बारा हजारावर लिलाववाल्याने दहा मिनिटं सुट्टी दिली, बोली अडली की देतात. पोरगा बाहेर पिकअपमध्ये बसून बँकेशी बोलत होता, काचेतून दिसत होतं, एका हाताने स्टिअरिंग पुसत होता, पुन्हा पुन्हा तीच जागा. आत आला, १२,२०० बोलला. शेजाऱ्याने मान हलवली. पोरगा थांबला. मग फोनवरून कुणी बाहेरचा आला आणि भाव १४,१०० ला जाऊन सुटला, घेतली शेजाऱ्यानेच. ७८ एकरांचे जवळजवळ अकरा लाख डॉलर.

टाळ्या वाजल्या. पोरगा शेजाऱ्याकडे गेला, हात मिळवला, अभिनंदन म्हणाला. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, वायव्येच्या कोपऱ्यात टाईलचं तोंड बुजतं, नवीन मालकाला सांगशील का?

मला त्या दिवशी आजोबा आठवले. बार्शी तालुक्यात आमचे आजोबा कूळ होते, आणि १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्याने कसलेली जमीन त्यांची झाली, सातबारावर नाव आलं. त्या कायद्यात हजार पळवाटा होत्या, माहीत आहे मला, कितीतरी कुळांना आधीच हुसकावलं गेलं. पण कसणाऱ्याचा काही हक्क लागतो हे निदान कागदावर तरी आलं. आयोवात निम्म्याहून जास्त जमीन भाड्याने कसली जाते आणि कसणाऱ्याचा हक्क एवढाच की भाडेकरार मोडायचा तर मालकाने १ सप्टेंबरच्या आत नोटीस द्यायची, म्हणजे १ मार्चला दुसरा येऊ शकतो. त्या पोराला नोटीस ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आली होती.

पाच मिनिटं उरलीत असा इशारा आलाय, तर ज्यासाठी उभा राहिलो ते पटपट सांगतो.

एकर २०२४ च्या भावाने, ११,४६७ ला. सात टक्क्यांनी सगळं कर्ज काढलं तर वर्षाचं व्याज आठशे डॉलर. त्या एकरात मका दोनशे बुशेल, एक बुशेल म्हणजे साधारण पंचवीस किलो, बुशेलला सव्वाचार डॉलर भाव धरा, आले साडेआठशे. बियाणं, खत, फवारणी, डिझेल अजून द्यायचंय. भाड्याने दिली तर राज्याची २०२४ ची सरासरी २७९ डॉलर, त्यातून मालमत्ता कर. म्हणजे या भावाची जमीन स्वतःच्या पिकातून स्वतःचे पैसे फेडूच शकत नाही. मग घेतं कोण? तर दहातले सातेक जण तिथलेच शेतकरी, ज्यांच्याकडे बहुतेक आधीची कर्जमुक्त जमीन असते. त्या जुन्या जमिनीची कमाई नव्या एकरावर पसरली की भाव परवडतो. मका महाग झाला, इथेनॉलला मागणी आली, की तो पैसा परत जमिनीतच जातो. जमीनच जमीन विकत घेते, माझं म्हणणं एवढंच आहे. ज्याच्याकडे आधीची नाही त्याने कितीही चांगली शेती केली तरी तो तिसऱ्या रांगेतच बसतो.

आणि विकायला येतेच मुळात थोडी. म्हाताऱ्याने जिवंतपणी विकली तर फायद्यावर कर, वारसाकडे गेली की तिची किंमत मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावाने धरतात, जुना फायदा कराच्या हिशोबातून जातो. म्हणून मरेपर्यंत कुणी विकत नाही. आयोवाची तीनातली दोन एकर पासष्टीच्या पुढच्यांची आहे, का ते कळलं असेल. आपल्याकडे निदान कमाल धारणेची मर्यादा तरी आहे, जिरायत ५४ एकर, इथे साध्या शेतकऱ्याला तशी मर्यादा नाही.

आता तुम्ही चाळीस एकर घ्यायची का. घ्या, मी अडवत नाही. पण आधी विचारा की सध्या ती कसतंय कोण. त्याला काढू नका, वर्षावर्षाचं भाडं न करता पाच वर्षांचं करा, तो टाईलची काळजी घेईल, मातीची घेईल. नवख्या शेतकऱ्याला भाड्याने दिली तर आयोवा राज्य मालकाला करात सवलत देतं, ते कागद मी आणलेत, जेवणाच्या टेबलाशी ठेवतो. वायव्येच्या कोपऱ्यातलं ते तोंड मी नंतर जाऊन उकरून आलो, मुळं गेली होती आत. मुलं लेझीम घेऊन दारात उभी आहेत, थांबतो.