कंपासपेटीतले दोन आकडे

नमस्कार श्रोतेहो! सातवी-आठवीतल्या मुलांनो, कोनमापक हातात घेऊन बसा. रेडिओवर फळा नसतो, तेव्हा आकृती तुमच्याकडेच हवी.

कोनमापकाच्या गोल कडेवर आकड्यांच्या दोन ओळी आहेत. एक डावीकडून 0 ते 180, दुसरी उजवीकडून. शाळेत मी हमखास भलतीच ओळ वाचायचो. कोन 70 अंशांचा, वहीत 110. मग गुरुजींची लाल फुली. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं, की ही चूकसुद्धा मोठी शिस्तीची होती! कुठलीही खूण पाहा, तिथल्या दोन आकड्यांची बेरीज 180च. 70पाशी 110, 40पाशी 140, आणि मधोमध 90ला 90. मी दर वेळी त्या कोनाचा पूरककोन लिहीत होतो.

ज्या दोन कोनांच्या मापांची बेरीज 180 अंश, ते एकमेकांचे पूरककोन. पण 180च का? फरशीच्या सरळ सांध्यावर खराट्याची काडी टेकवा. दोन बाजूंना दोन कोन झाले. काडी डावीकडे कलवा. डावा कोन जेवढा आक्रसतो, तेवढाच उजवा फाकतो. दोघांत मिळून वाटून घ्यायचा आहे तो सरळकोन. युक्लिडनं हे सुमारे 2300 वर्षांपूर्वी सांगितलं तेव्हा अंशांचं नावही घेतलं नाही. तो म्हणाला, बेरीज दोन काटकोनांएवढी.

इथं बरीच मुलं फसतात. पूरककोन शेजारीशेजारीच हवेत असं त्यांना वाटतं. शेजारी असले तर ती रेषीय जोडी. पण 70चा कोन नागपूरच्या वहीत आणि 110चा कोल्हापूरच्या, तरी ते पूरकच! आणि जोडी म्हणजे दोघंच. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 180 भरते, म्हणून त्यांना कुणी पूरक म्हणत नाही.

कोटिकोन आणि पूरककोन यांत गोंधळ होतो? काटकोनाचा 'क' तोच कोटिकोनाचा 'क'. तिथं बेरीज 90.

आता एक गणित. दोन पूरककोनांपैकी मोठा कोन लहानाच्या दुपटीपेक्षा 30 अंशांनी जास्त आहे. 180मधून ते 30 आधी बाजूला काढा. उरले 150, त्याचे तीन सारखे भाग. लहान कोन 50, मोठा 130.

शेवटी घरातली कात्री उघडा. स्क्रूभोवती चार कोन दिसतील. पात्यांमधला कोन आणि समोरचा, मुठींकडचा कोन सारखेच असतात, कारण दोघंही बाजूच्या त्याच एका कोनाचे पूरक. तो कोन 140चा असेल, तर या दोघांना 40 होण्यावाचून गत्यंतर नाही.

बघून झालं की कात्री जागेवर ठेवा बरं का, नाहीतर आई शोधत बसेल. नमस्कार.